पाचशे प्रती वाचकांपर्यंत कशा न्याव्यात : ठाणे व नवी मुंबईतील छोट्या प्रकाशकांसाठी

मराठी पुस्तकाच्या प्रसाराचे काम अनेकदा प्रकाशन समारंभाच्या संध्याकाळी सुरू होते आणि त्याच आठवड्यात संपते. ठाण्यात सहयोग मंदिरात किंवा वाशीला साहित्य मंदिरात सभागृह भरते, पाहुण्यांची भाषणे होतात, लेखकाचे नातेवाईक आणि मित्र मिळून साठ-सत्तर प्रती घेतात, दोन दिवसांनी वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि उरलेले गठ्ठे प्रकाशकाच्या पोटमाळ्यावर जातात. वर्षभराने लेखक विक्रीची चौकशी करतो तेव्हा ‘मराठी वाचक कमी झाला’ असे उत्तर त्याला मिळते. हे उत्तर मला मान्य नाही. ज्या वाचकाला ते पुस्तक हवे होते, त्याला ते निघाल्याचे कळलेच नाही, असेच बहुतेक वेळा घडलेले असते, आणि ते कळवण्याची जबाबदारी प्रकाशकाची आहे.

हे काम पुस्तक छापखान्यात जाण्याच्या किमान सहा महिने आधी सुरू व्हावे आणि प्रकाशनानंतर वर्षभर चालावे. ते कसे करावे हे सांगण्यासाठी एकच कल्पित उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. समजा, आपण ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांवर, म्हणजे फ्लेमिंगोंवर, एक पुस्तक काढत आहोत. पाने १६०, किंमत ३०० रुपये, पहिली आवृत्ती ५०० प्रतींची.

वाचक आधी ठरवावा

‘हे पुस्तक कोणासाठी?’ या प्रश्नाला ‘सर्वांसाठी’ असे उत्तर येत असेल, तर हस्तलिखित पुन्हा वाचावे. आपल्या उदाहरणातील पुस्तकाला निदान चार प्रकारचे वाचक संभवतात. नेरूळ-सीवूड्सला संध्याकाळी फिरायला जाणारी आणि समोरच्या पाण्यात गुलाबी थवा पाहून कुतूहल वाटलेली मंडळी हा पहिला प्रकार. शाळेतील विज्ञानाचे शिक्षक हा दुसरा. ज्यांच्याकडे इंग्रजी पक्षिकोश आधीच आहेत असे सराईत पक्षिनिरीक्षक हा तिसरा. आणि खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केलेल्या कोळी-आगरी कुटुंबांतील वाचक हा चौथा. या चौघांना एकाच पुस्तकात सारखे समाधान मिळणे अवघड असते. सराईत निरीक्षकाला जे हवे असते त्याने फिरायला जाणारा माणूस दमतो, आणि या माणसाला जे हवे असते ते निरीक्षकाला आधीच ठाऊक असते.

म्हणून एक वाचक मुख्य मानावा. मी येथे पहिला निवडीन, कारण त्याची संख्या मोठी आहे, तो रोज त्या पाण्याजवळून जातो आणि त्याच्यासाठी मराठीत लिहिलेले फारसे काही त्याच्या हाताशी नसते. एकदा हे ठरले की पुढचे निर्णय सोपे होतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चरणारे पक्षी भरती आली की नेरूळच्या पाणथळींकडे सरकतात. तेव्हा भरती-ओहोटी कशी पाहावी याचे एक पान आणि पाहण्याच्या जागांचा नकाशा पुस्तकात हवा. शास्त्रीय वर्गीकरणाचे प्रकरण परिशिष्टात गेले तरी चालेल. विक्रीचा विचार संपादनाच्या टप्प्यावरच झाला पाहिजे असे मी म्हणतो तो याच अर्थाने.

ठरवलेल्या वर्गातील आठ-दहा माणसांना, शक्यतो ओळखीबाहेरच्या, पुस्तकाचे नाव आणि अनुक्रमणिका दाखवावी. ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण त्यावर सगळेच ‘छान’ म्हणतात. ‘यातले कोणते प्रकरण आधी उघडाल?’ असे विचारावे. बहुतेकांनी एकाच प्रकरणावर बोट ठेवले, तर प्रसिद्धीत पुढे करायचा विषय आपोआप मिळतो.

प्रकाशनाची वेळ

आपल्याकडे पुस्तक तयार होईल तेव्हा प्रकाशित करण्याची पद्धत आहे. ती सोडावी. रोहित पक्षी ठाणे खाडीत साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला येऊ लागतात आणि उन्हाळा संपेपर्यंत राहतात. जूनमध्ये, खाडी रिकामी असताना, हे पुस्तक आणले तर वाचकाला ते हातात घेऊन बाहेर पडता येणार नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस आणले तर पाच-सहा महिने विषय लोकांच्या डोळ्यांसमोर राहतो. या काळात वर्तमानपत्रांनाही या पक्ष्यांची छायाचित्रे आणि त्यासोबत मजकूर हवा असतो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिचा समावेश रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत झाला, त्यामुळे खाडीविषयीच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. अशा बातमीच्या दिवशी संपादकाच्या टेबलावर आपले पुस्तक आधीच पोहोचलेले असावे.

दिवाळी अंकांचा उपयोग मराठी प्रकाशकाने पुरेपूर करून घ्यावा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही परंपरा आजही अशा वाचकाच्या घरी जाते, जो पैसे मोजून मराठी वाचतो. पुस्तकातील सर्वांत वाचनीय प्रकरण, स्वतंत्र लेख म्हणून उभे राहील असे बांधून, अंकाच्या संपादकांकडे उन्हाळ्यातच पाठवावे. पावसाळा ओसरेपर्यंत बहुतेक अंकांची आखणी होऊन गेलेली असते. लेखाखाली ‘आगामी पुस्तकातून’ एवढी ओळ छापून येणे हे विकत घेतलेल्या जाहिरातीच्या चौकटीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

त्यापुढचे वर्ष साधारण असे दिसते : जानेवारीत ठाण्यातील रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेसारखे श्रोते जमवणारे कार्यक्रम, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, मार्चअखेर ग्रंथालयांची खरेदी, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. या प्रत्येक दिवशी काहीतरी केलेच पाहिजे असे नाही. आपल्या पुस्तकाला शोभतील असे दोन-तीन दिवस निवडून त्यांची तयारी दोन महिने आधी करावी.

मलपृष्ठावरील मजकूर

दुकानात पुस्तक उचललेला माणूस आधी मुखपृष्ठ पाहतो, मग पुस्तक उलटून पाठराखण, म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर, वाचतो, मग किंमत पाहतो. एवढ्या वेळात निर्णय होतो. तरीही पाठराखण हा मजकूर बहुधा शेवटच्या दिवशी, छापखान्याचा फोन आल्यावर लिहिला जातो. आपल्या पुस्तकासाठी तो असा लिहिला गेल्याची कल्पना करा :

‘निसर्गाच्या सान्निध्यात रमणाऱ्या संवेदनशील लेखकाने पक्षिजीवनाचे विविधांगी दर्शन घडवणारे, ओघवत्या भाषेत लिहिलेले हे पुस्तक प्रत्येक निसर्गप्रेमीच्या संग्रही असायलाच हवे.’

यातील एकही शब्द या पुस्तकापुरता नाही. ‘पक्षिजीवना’च्या जागी ‘वृक्षजीवन’ घातले तरी वाक्य तसेच उभे राहते. पुस्तक काय सांगते, कुठले सांगते, वाचून हाती काय लागते, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. आता दुसरा प्रयत्न पाहा :

‘हिवाळा लागला की ठाणे खाडीचा चिखल गुलाबी दिसू लागतो. हे पक्षी येथे काय खातात? भरती आली की खाडी सोडून नेरूळच्या तळ्यांवर का जातात? पावसाळ्यात कुठे असतात? खाडीकाठी राहणाऱ्यांनी घराबाहेर पडून स्वतः पाहावे, यासाठी लिहिलेले पुस्तक. सोबत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या निरीक्षणाच्या जागांचा नकाशा.’

येथे जागा आहे, ऋतू आहे, वाचकाच्या मनात असलेले तीन प्रश्न आहेत आणि एक उपयोगाची वस्तू आहे. हाच मजकूर पुढे ऑनलाइन विक्रीच्या पानावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात, वर्तमानपत्राला पाठवायच्या टिपणात आणि स्टॉलवरच्या फलकावर वापरायचा असतो, म्हणून त्यावर दोन दिवस खर्च झाले तरी ते वाया जात नाहीत. मान्यवरांचा अभिप्राय घ्यायचा असेल तर त्या विषयातील माणसाचा घ्यावा. या पुस्तकावर पक्षितज्ज्ञाच्या दोन ओळी चालतील, सत्कारमूर्तीच्या दहा ओळी नकोत.

मुखपृष्ठ चित्रकाराकडून आले की ते मोबाइलवर पोस्टाच्या तिकिटाएवढे करून पाहावे. त्या आकारात पुस्तकाचे नाव वाचता येत नसेल तर अक्षरे मोठी करून घ्यावीत, कारण नवे पुस्तक वाचकाला पहिल्यांदा बहुधा त्याच आकारात दिसते. कण्यावरील नावही तितक्याच काळजीने पाहावे. ग्रंथालयात आणि दुकानाच्या फळीवर पुस्तकाचा तेवढाच भाग दिसतो.

नोंदणीची कामे

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची स्वतंत्र ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. तो व त्याचा बारकोड मलपृष्ठावर असल्याशिवाय मोठी दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते पुस्तक स्वीकारायला कुरकुरतात. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रकाशनानंतर तीस दिवसांत पाठवणे बंधनकारक आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी पुस्तकाचे प्रकाशन वर्ष पाहिले जाते, म्हणून पहिल्या आवृत्तीची तारीख आतल्या पानावर स्पष्ट छापावी.

हिशेब

आता पैशांकडे येऊ. कारण प्रसाराच्या योजना बहुधा येथेच मोडतात. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

किंमत ३०० रुपये. छपाई व बांधणीचा खर्च एका प्रतीला ७५ रुपये. लेखकाचे मानधन छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ३० रुपये. संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छायाचित्रे असा एकदाच होणारा खर्च ४०,००० रुपये. वितरकाला ४५ टक्के सवलत दिली तर आपल्या हाती १६५ रुपये येतात. त्यातून छपाई आणि मानधन वजा जाता ६० रुपये उरतात. वाचकाला वीस टक्के सवलतीने थेट विकले तर २४० रुपये येतात आणि १३५ उरतात. तेच टपालाने पाठवून टपाल व वेष्टनाचे ४५ रुपये आपणच सोसले तर ९० उरतात.

सगळ्या ५०० प्रती वितरकामार्फत गेल्या, एकही परत आली नाही आणि सगळी उधारी वसूल झाली, असे गृहीत धरले तरी ३०,००० रुपये सुटतात. एकदाचा खर्च ४०,००० आहे. म्हणजे आवृत्ती पूर्ण संपूनही दहा हजारांचा तोटा. आता दुसरी वाटणी घेऊ : वितरकामार्फत २००, टपालाने १३०, प्रदर्शने व कार्यक्रमांत हातोहात १४० आणि अभिप्रायार्थ व भेट म्हणून ३०. पहिल्या तिघांतून अनुक्रमे १२,०००, ११,७०० आणि १८,९०० रुपये सुटतात, एकूण ४२,६००. भेट प्रतींच्या छपाईचे २,२५० वजा केले की ४०,३५० उरतात. जेमतेम खर्च निघाला.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. छोट्या प्रकाशकाला निम्म्याहून अधिक विक्री स्वतः केल्याशिवाय तग धरता येत नाही. आणि पहिल्या आवृत्तीत जाहिरातीसाठी पैसाच नसतो, त्यामुळे जे करायचे ते वेळ, ओळखी आणि नीट ठेवलेल्या नोंदी यांच्या बळावर करावे लागते. दुसऱ्या आवृत्तीत ४०,००० चा खर्च पुन्हा होत नाही, म्हणून खरा नफा तेथे असतो, आणि तेथवर पोहोचणे हेच पहिल्या आवृत्तीचे उद्दिष्ट असावे.

प्रकाशनपूर्व सवलत

मराठी प्रकाशनव्यवहारात ही जुनी आणि उत्तम पद्धत आहे. सत्तरच्या दशकात मुंबईत ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच सोबत घेऊन चळवळ उभी केली, तेव्हापासून वाचक हा पुस्तकाच्या निर्मितीतील भागीदार असू शकतो ही गोष्ट आपल्याकडे रुजली आहे. प्रकाशनाच्या सहा-आठ आठवडे आधी, ३०० ऐवजी २४० रुपयांत, घरपोच, अशी योजना जाहीर करावी. शंभर जणांनी आगाऊ पैसे भरले तर २४,००० रुपये जमतात. पाचशे प्रतींच्या छपाईचे बिल ३७,५०० आहे, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश भार छपाईआधीच हलका झाला.

योजनेची मुदत ठाम असावी. मुदत संपल्यावरही ‘आपल्या माणसांना’ तीच किंमत लावली की पुढच्या वेळी कोणी आधी पैसे भरत नाही. पैसे भरणाऱ्याला पोच त्याच दिवशी जावी, छपाई लांबली तर तसे स्पष्ट कळवावे, आणि पुस्तक दुकानांत दिसण्याआधी त्याच्या घरी पोहोचावे. ज्याने न पाहता पैसे दिले त्याला दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या नंतर पुस्तक मिळाले, तर तो वाचक आपण गमावला असे समजावे.

वाचकांची यादी ही प्रकाशकाची खरी मिळकत आहे. नाव, दूरध्वनी, पिनकोड, कोणते पुस्तक घेतले, कोठे घेतले आणि संदेश पाठवायला त्याची संमती आहे का, एवढ्या नोंदी पुरेत. पिनकोड मुद्दाम लिहून घ्यावा, कारण चार पुस्तकांनंतर आपले वाचक नौपाड्यात किती, घोडबंदर रोडला किती, ऐरोली-कोपरखैरणेत किती हे त्यावरून दिसू लागते आणि पुढचा कार्यक्रम कोठे घ्यावा ते ठरवता येते.

समारंभ

समारंभ करू नये असे माझे म्हणणे नाही. लेखकाने वर्षे खर्चून लिहिलेले असते आणि त्याच्या माणसांसमोर त्याचा सन्मान व्हावा हे योग्यच आहे. पण त्याची आखणी वाचकाच्या बाजूने करावी. वक्ते दोनच असावेत, आणि त्यांनी पुस्तक वाचलेले असावे. त्यासाठी छापील प्रत तीन आठवडे आधी त्यांच्या घरी पोहोचवावी. लेखकाने दहा मिनिटे पुस्तकातील उतारा वाचावा. विक्रीचे टेबल सभागृहाच्या दाराशी असावे, तेथे दोन माणसे बसवावीत, क्यूआर कोडचा फलक आणि सुटे पैसे तयार ठेवावेत. कार्यक्रम संपल्यावर लोक घाईत असतात. एका रांगेत पंधरा माणसे उभी राहिली की मागची पाच निघून जातात.

आपल्या उदाहरणातील पुस्तकाचे प्रकाशन मी सभागृहाऐवजी ऐरोलीच्या खाडीकाठी, रीतसर परवानगी घेऊन, रविवारी सकाळी करीन. तेथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, आलेली माणसे पक्षी पाहू शकतात, आणि त्या सकाळची छायाचित्रे व्यासपीठावरच्या पुष्पगुच्छांच्या छायाचित्रांपेक्षा वर्तमानपत्रे अधिक आनंदाने छापतात.

दुकाने आणि वितरक

वितरकाशी व्यवहार लेखी असावा : सवलत किती, माल रोखीचा की परतीच्या बोलीवर, हिशेब किती महिन्यांनी, खराब होऊन परत आलेल्या प्रतींचा भार कोणावर. तोंडी बोलण्यावर गेलेल्या प्रतींचे पैसे वर्षानुवर्षे अडकतात, आणि छोटा प्रकाशक बुडतो तो बहुधा न विकल्या गेलेल्या मालापेक्षा न आलेल्या पैशांत.

दुकानदाराकडे स्वतः जावे. ठाणे, वाशी, नेरूळ आणि डोंबिवलीतील मराठी पुस्तके ठेवणाऱ्या दुकानांची संख्या एवढी कमी आहे की आठवड्याभरात सगळीकडे जाऊन येता येते. पाच प्रती ठेवाव्यात, पंचवीस ठेवू नयेत. पाच संपल्या की दुकानदार स्वतः फोन करतो, पंचवीसची थप्पी मात्र मागच्या फळीवर जाते. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला पुस्तकाचा विषय दोन वाक्यांत सांगावा आणि एक प्रत त्याला वाचायला द्यावी. ‘पक्ष्यांवर नवीन काही आहे का?’ असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकापुढे कोणते पुस्तक ठेवायचे हे तोच ठरवत असतो. हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित मार्ग आहे, असे मला वाटते.

ग्रंथालये

ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. ज्या शहरात शतकाहून जुनी वाचनपरंपरा चालू आहे, तेथील प्रकाशकाने ग्रंथालयाला केवळ एक गिऱ्हाईक समजणे बरे नव्हे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ अशा वर्गांत आहेत आणि त्यांना मिळणाऱ्या शासकीय अनुदानातून ग्रंथखरेदी होते. जिल्ह्यातील ग्रंथालयांची माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे असते. मार्च उजाडल्यावर सूची पाठवून फारसा उपयोग होत नाही. डिसेंबर-जानेवारीतच एक पानाची नीट सूची ग्रंथपालांकडे पोहोचावी, तिच्यात विषय, पाने, किंमत, आयएसबीएन आणि ग्रंथालयासाठीची सवलत असावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रंथपालाशी बोलावे. कोणते पुस्तक फिरते, कशासाठी सभासद नावे लावून ठेवतात, कोणत्या विषयावर मागणी असूनही पुस्तक नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ग्रंथालयात एक प्रत गेली म्हणजे वीस गिऱ्हाइके गेली, अशी काही प्रकाशकांची भीती असते. ती निराधार आहे. ग्रंथालयातून वाचलेले आणि आवडलेले पुस्तक माणसे भेट देण्यासाठी विकत घेतात, आणि त्या लेखकाचे पुढचे पुस्तक वाट न पाहता घेतात.

कट्टे, सोसायट्या आणि हळदीकुंकू

ठाण्याला आचार्य अत्रे कट्ट्यासारखे नियमित चालणारे कट्टे आहेत. नवी मुंबईत जवळपास प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, ज्येष्ठ नागरिक संघ आणि महिला मंडळे आहेत. यांना दर महिन्याला वक्ता लागतो. लेखकाला बोलता येत असेल तर चाळीस मिनिटांचे, चित्रांसह, विनामूल्य भाषण तयार करावे आणि संयोजकांकडे एकच विनंती करावी : शेवटी पुस्तकांचे छोटे टेबल मांडू द्यावे. अशा ठिकाणी दहा-पंधरा प्रती गेल्या तरी त्या १३५ रुपये सुटणाऱ्या प्रती असतात, शिवाय यादीत नवी नावे येतात. भाषणात पुस्तकाची जाहिरात करू नये. विषय रंगला की लोक आपणहून टेबलाशी येतात.

गृहसंकुलांत, विशेषतः घोडबंदर रोड आणि खारघरच्या मोठ्या वसाहतींत, गणेशोत्सवात आणि वर्धापनदिनी स्टॉल लावता येतो. भाडे मागितले तर आधी हिशेब करावा : हजार रुपये भाडे म्हणजे निदान आठ प्रतींचा नफा गेला. दोन-तीन प्रकाशकांनी मिळून एक टेबल घेतले तर भाडे विभागते आणि टेबलही भरलेले दिसते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात वाण म्हणून पुस्तक देण्याची प्रथा अलीकडे अनेक घरांत रुजते आहे, आणि तिला प्रकाशकांनी मनापासून हातभार लावावा. तीनशे रुपयांचे पुस्तक वाण म्हणून कोणी पन्नास बायकांना देणार नाही. त्याच पुस्तकातील मजकुरातून बत्तीस पानांची, चाळीस रुपयांची, मुलांनाही वाचता येईल अशी पुस्तिका केली तर ती मात्र पन्नासच्या गठ्ठ्याने जाते, आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मूळ पुस्तकाचे मुखपृष्ठ व क्यूआर कोड असला की प्रत्येक घरात आपले निमंत्रण पोहोचते. यासाठी पुस्तिका डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार हवी. वाणाची खरेदी जानेवारीत सुरू होत नाही, त्याआधीच होते.

परीक्षणे

‘साभार पोच’ या, मिळालेल्या पुस्तकांची नुसती नोंद घेणाऱ्या, सदरात नाव येणे म्हणजे परीक्षण नव्हे, आणि त्यावर समाधान मानू नये. तीस भेट प्रतींची यादी हाताने करावी. प्रत्येक नावापुढे ‘ही प्रत येथे का?’ याचे एका ओळीत उत्तर लिहिता आले पाहिजे. न आल्यास नाव काढावे. रविवार पुरवण्या, विषयाशी संबंधित नियतकालिके, निसर्गावर लिहिणारे स्तंभलेखक, शिक्षकांच्या संघटनांची मासिके, आकाशवाणी आणि या विषयावर मराठीत बोलणारे यूट्यूबवरचे दोन-तीन जण एवढ्यांत तीस प्रती संपतात. सोबत एक पानाचे टिपण, मुखपृष्ठाची चांगल्या दर्जाची प्रतिमा आणि वापरण्याजोगे एक छायाचित्र द्यावे. तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे विचारावे. परीक्षण प्रतिकूल आले तर वाद घालू नये. त्यातून पुस्तकाचा विषय वाचकाला कळतोच.

मोबाइल आणि टपाल

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका प्रसारयादीत (ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये) २५६ संपर्क बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक स्वतःकडे साठवला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणून पुस्तकाच्या पुडक्यात ‘हा क्रमांक साठवा’ अशी चिठ्ठी ठेवावी. महिन्याला दोन संदेश पुरे. त्यांतला एक विक्रीचा असला तर दुसरा वाचनाचा असावा : पुस्तकातील एखादा परिच्छेद, या आठवड्यात भरतीची वेळ काय आहे, पक्षी सध्या कोठे दिसत आहेत. रोज ‘आजच मागवा’ असा संदेश पाठवणाऱ्याला लोक मुकाट्याने बंद करतात. इन्स्टाग्रामवर लेखकाने खाडीकाठी उभे राहून दीड मिनिट बोललेले चित्रण मुखपृष्ठाच्या चित्रापेक्षा अधिक पाहिले जाते.

ऑनलाइन विक्रीच्या पानावर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव देवनागरीत तर द्यावेच, पण रोमन लिपीतही द्यावे, कारण बरेच मराठी वाचक मोबाइलवर रोमन अक्षरांतच शोध घेतात. आतली चार-पाच पाने पाहायला उपलब्ध करावीत.

भारतीय टपाल खात्याने मे २०२५ मध्ये शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, त्यावर कर, असे तिचे दर तेव्हा जाहीर झाले आणि पुडक्याचा मागही काढता येतो. आपले पुस्तक तिच्या अटींत बसते का आणि सध्याचा दर काय, हे टपाल कार्यालयाच्या खिडकीवर एकदा विचारून घ्यावे. वेष्टनासह वजन तीनशे ग्रॅमच्या आत ठेवायचे असेल तर कागद निवडतानाच ते लक्षात घ्यावे लागते. तो निर्णय छापखान्यात झाल्यावर बदलता येत नाही.

नोंदवही आणि दुसरी आवृत्ती

प्रत्येक महिन्याच्या शेवटी कोणत्या वाटेने किती प्रती गेल्या आणि किती पैसे प्रत्यक्ष हाती आले, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहावे. वितरकाकडे गेलेली प्रत म्हणजे विकली गेलेली प्रत नव्हे. सहा महिन्यांनी हे रकाने समोर ठेवले की कोणती वाट सोडायची ते दिसते. तीन प्रदर्शनांत मिळून दहा प्रती गेल्या असतील तर चौथे प्रदर्शन घेऊ नये आणि तो दिवस ग्रंथालयांसाठी द्यावा.

शंभर प्रती उरल्या की दुसऱ्या आवृत्तीचा निर्णय घ्यावा, संपल्यावर नाही. पुस्तकाची मागणी असताना ते दोन महिने मिळाले नाही तर वाचक दुसऱ्या विषयाकडे वळतो. विक्रीचा वेग मंदावलेला असेल तर पाचशेऐवजी डिजिटल छपाईने दीडशे प्रती काढाव्यात. एका प्रतीचा खर्च वाढतो, पण पोटमाळा भरत नाही. नव्या आवृत्तीआधी वाचकांनी कळवलेल्या चुका दुरुस्त कराव्यात, पहिल्या आवृत्तीवरील परीक्षणातील एखादी नेमकी ओळ मलपृष्ठावर घ्यावी, आणि उरलेल्या जुन्या प्रतींपैकी दहा प्रती प्रकाशकाने स्वतःच्या संग्रही ठेवाव्यात. अनुवादासाठी विचारणा करणाऱ्या परभाषिक प्रकाशकाला किंवा पुरस्कार समितीला पाठवण्याकरिता त्या पुढे लागतात.